मॉरिस मायनरचा हार्नेस घरी बांधताना

माझ्या १९५८च्या मॉरिस मायनर १०००चा डॅशबोर्ड पहिल्यांदा खोलला, तेव्हा आत साठेक वर्षांचा इतिहास लोंबत होता. मूळची सुती वेष्टणाची, लुकास या इंग्रजी कंपनीची वायर, तिला पीळ मारून जोडलेली टेबल फॅनची पांढरी वायर, पुढे कुणीतरी स्पीकरची वायर घालून वेळ मारून नेलेली. एका जोडावर तर चक्क औषधाच्या दुकानातली जखमेची पट्टी. उरलेल्या भागात उंदरांनी आपला वाटा वेगळा काढला होता. तरीही गाडी चालू व्हायची, हे नवल.

अशा गाडीला ठिगळं लावत बसू नये. वेष्टण एकदा कडक होऊन तडकायला लागलं की एक वायर बदलताना हात लागून शेजारच्या दोन मोडतात. इंग्लंडमध्ये मायनरचे हार्नेस, म्हणजे गाडीच्या सगळ्या वायरींचे एकत्र बांधलेले जुडगे, तयार मिळतात, आणि गाडी मूळची, न छेडलेली असेल तर सरळ तो मागवावा. पण आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांमध्ये इतक्या वर्षांत स्विच, दिवे, इंडिकेटर सगळं बदललेलं असतं. कारखान्याच्या मापाचा हार्नेस मग कुठे आखूड पडतो, कुठे त्याची टोकं बसत नाहीत. मी घरी बांधायचं ठरवलं. तीन महिन्यांचे रविवार गेले. त्यातला जेमतेम एक महिना वायरी कापण्या-जोडण्यात गेला, बाकीचा सगळा वहीत. खरं तर हे काम निम्म्याहून जास्त कारकुनाचंच आहे.

पक्कड बाजूला ठेवा, वही आणा

बॅटरी काढा, नुसती सोडू नका, गाडीतून बाहेरच काढा. पण त्याआधी प्रत्येक वस्तू चालवून पाहा आणि विचित्र काय दिसलं ते लिहा. ब्रेक दाबल्यावर पार्किंगचे दिवे मंद होतात का? हॉर्न वाजवला की पेट्रोलचा काटा हलतो का? अशा खोड्यांमागे बहुतेक वेळा बिघडलेला ‘अर्थ’ (अर्थिंग, वीज गाडीच्या बॉडीतून बॅटरीकडे परतण्याची वाट) असतो, आणि नवा हार्नेस घातल्यावर त्या आपोआप जातील अशी आशा धरू नये.

मग फोटो. डॅशबोर्डमागचे, कटआउटचे (डायनामोचं चार्जिंग सांभाळणारी पेटी), फ्यूजचे, हेडलाइटच्या वाटीतले, डिकीतले. प्रत्येक जागेचा एक लांबून आणि एक जवळून. जवळचा फोटो महिन्याभराने पाहिला तर तो कुठला आहे हेच कळत नाही.

चिठ्ठ्या लावायला कागदी चिकटपट्टी वापरू नका, ऑइलचा हात लागला की ती गळते. लाँड्रीवाले कपड्यांना लावतात तशा कापडी चिठ्ठ्या दोऱ्याने बांधा आणि पक्क्या शाईने आकडा टाका. एका वायरीच्या दोन्ही टोकांना एकच आकडा. नुसत्या रंगावर विसंबून चालत नाही, कारण एवढ्या वर्षांत तपकिरी, लाल आणि जांभळा हे तिन्ही रंग चहाच्या गाळणीसारखे दिसायला लागलेले असतात. खरा रंग पाहायचा तर जिथे ऊन-धूळ पोचली नाही अशा जागी, खोडाच्या (हार्नेसच्या मुख्य जाड जुडग्याच्या) आत, वेष्टण थोडं उसवून स्पिरिटच्या बोळ्याने पुसा.

वहीत प्रत्येक वायरीला एक ओळ: आकडा, कुठून, कुठे, रंग, जाडी, लांबी, दोन्ही टोकांना कसलं टर्मिनल (टोकाला बसवलेला धातूचा जोड), आणि खोडातून ती कुठे बाहेर पडते. शिवाय दोन रकाने वेगळे ठेवा. एक ‘सापडली तशी’ आणि दुसरा ‘नकाशाप्रमाणे’. मायनरच्या वर्कशॉप मॅन्युअलमध्ये वर्षांनुसार वायरिंगचे नकाशे आहेत, आपल्या गाडीच्या वर्षाचाच घ्या.

हे दोन रकाने मी सुरुवातीला ठेवले नव्हते. सापडलं तसं उतरवून घेतलं आणि अगदी मन लावून त्याची नक्कल केली. गाडी सुरू झाली, दिवे लागले, पेढे वाटले. आठवड्याने सोसायटीच्या वॉचमनने विचारलं, ‘‘साहेब, तुमच्या गाडीत घड्याळ ठेवलंय का? रात्री टक्‌टक् वाजतं.’’ या गाडीत एसयू कंपनीचा विजेवरचा पेट्रोल पंप असतो. लाइनमधला दाब उतरला की तो ‘टक्’ करून पेट्रोल ढकलतो. त्याची वायर किल्लीनंतरच्या पांढऱ्या वायरीवर हवी. पूर्वी कुणीतरी ती थेट बॅटरीच्या तपकिरीवर टाकली होती, आणि मी ती चूक नव्या कोऱ्या वायरीने, उत्तम क्रिम्पिंग करून (टर्मिनल वायरीवर दाबून बसवून), जशीच्या तशी उचलली होती. कार्ब्युरेटरची सुई अडकली असती तर पंप रात्रभर पेट्रोल सांडत बसला असता.

लुकासचे रंग

हे रंग एकदा समजले की नकाशा निम्मा पाठ होतो. मूळ रंग सांगतो वीज कुठून आली, त्यावरची बारीक रेघ सांगते ती कुठे चालली आहे.

तपकिरी म्हणजे थेट बॅटरीची, मध्ये फ्यूज नाही. जांभळी कायम चालू, पण फ्यूजमधून आलेली. पांढरी किल्ली फिरवल्यावर जिवंत होते, तिला फ्यूज नाही. हिरवी म्हणजे किल्लीनंतर आणि फ्यूजनंतर. निळी हेडलाइटची: निळ्यावर पांढरी रेघ अप्पर, निळ्यावर लाल रेघ डिपर. लाल पार्किंग आणि टेल लॅम्पची. काळी अर्थ. हिरव्यावर जांभळी रेघ ब्रेकचा दिवा, हिरव्यावर लाल डावा इंडिकेटर, हिरव्यावर पांढरी उजवा, हिरव्यावर काळी पेट्रोलचा काटा. कॉइलपासून डिस्ट्रिब्युटरकडे जाते ती पांढऱ्यावर काळी. कटआउटवरून किल्ली आणि लाइटच्या स्विचकडे निघणारी तपकिरीवर निळी.

डॅशबोर्डमागे हिरव्यातून फुटलेली लाल वायर दिसली तर तिथे कुणाचा तरी हात लागलेला आहे, हे न विचारता कळतं.

काय बदलायचं, काय नाही

हे आधीच ठरवा, कारण हार्नेस विणून झाल्यावर त्यात वायर घुसवता येत नाही.

मायनरमध्ये फ्यूज दोनच. ए१-ए२ कायम चालू भागासाठी, त्यावर हॉर्न. ए३-ए४ किल्लीनंतरच्या भागासाठी, त्यावर ब्रेकचे दिवे, वायपर, इंडिकेटर वगैरे. हेडलाइट आणि पार्किंग यांना फ्यूजच नाही. त्या काळाची तशी रीत होती. पण टेल लॅम्पची वायर डिकीत पत्र्याला घासली तर बॅटरीपासून तिथपर्यंत सगळं तांबं लाल होतं आणि शेजारच्या वायरींनाही सोबत नेतं. सीटमागे, जिथे कुणी वाकून पाहणार नाही अशा जागी, चार-सहा खणांचा आजचा ब्लेड फ्यूज बॉक्स बसवा. डावा-उजवा हेडलाइट, पार्किंग-टेल, पेट्रोल पंप यांना त्यातून न्या. मूळची फ्यूजपेटी दिसायला जागेवर राहू द्या.

काचेच्या फ्यूजबद्दल एक गोम आहे. लुकासच्या फ्यूजवर ३५ अँपिअर लिहिलेलं असतं, पण तो आकडा वितळण्याचा आहे. सतत सोसायची त्याची ताकद सुमारे १७ अँपिअर. आपल्या दुकानातल्या काचेच्या फ्यूजवरचा आकडा सहसा सतत सोसण्याचा असतो. दुकानदाराकडून ‘३५चा’ घेऊन घातलात तर वायरीला काहीच राखण राहत नाही. १५चा घाला.

दुसरा प्रश्न अर्थचा. या गाडीत बॅटरीचं प्लस टोक बॉडीला असतं. तसंच ठेवायचं असेल तर उत्तम, गाडीला त्याचा काही त्रास नाही. एलईडी, इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर, मोबाइलचा चार्जर यांना मात्र ते मानवत नाही. उलटवायचं असेल तर कॉइलच्या दोन्ही वायरी अदलाबदल करा आणि डायनामोला नवी दिशा शिकवा: डायनामोच्या दोन्ही वायरी काढून ठेवायच्या आणि बॅटरीच्या बॉडीला नसलेल्या टोकावरून आणलेली वायर डायनामोच्या एफ टर्मिनलला क्षणभर, दोन-तीनदा टेकवायची. ठिणगी पडेल, घाबरू नका. काम झालं. मी माझी गाडी प्लस अर्थच ठेवली आहे, आणि बॉनेटच्या आत ठळक अक्षरात लिहिलं आहे, कारण बॅटरीवाला पोऱ्या सवयीने काळी केबल बॉडीला लावतो.

इंडिकेटर म्हणून १९६१पर्यंत मायनरला खांबातून बाहेर येणारे हात असायचे. माझ्या गाडीचे दोन्ही शाबूत आहेत आणि मुलांना फार आवडतात. पण पुण्याच्या रहदारीत तो हात कुणी पाहत नाही. पाहिला तर दरवाजाचं हँडल लोंबतंय असं समजून पुढे येऊन सांगतात. म्हणून हातांच्या वायरी ठेवून शेजारून २१ वॅटच्या पिवळ्या दिव्यांच्या वायरीही टाका.

आणखी एक. २०२१च्या केंद्रीय नियमांप्रमाणे पहिल्या नोंदणीला ५० वर्षं झालेली, मूळ स्वरूपात राखलेली गाडी व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेचा क्रमांक घेऊ शकते. तो विचार मनात असेल तर बदल डोळ्यांआड ठेवलेले बरे.

वायर किती जाड

जुन्या मॅन्युअलमध्ये जाडी १४/०.०१२ अशी लिहिलेली असते: ०.०१२ इंचाच्या १४ तारा. ०.०१२ इंच म्हणजे जवळजवळ ०.३ मिमी. एका तारेचं क्षेत्रफळ ०.०७ चौरस मिमी, म्हणून १४ तारांची वायर १ चौरस मिमी, २८ची २, ४४ची ३. गणित तोंडी होतं. पार्किंग, काटे, ब्रेकचा दिवा यांना १ पुरे. हेडलाइट, हॉर्न, किल्लीची मुख्य वायर यांना २. कटआउटकडे येणारी बॅटरीची तपकिरी आणि डायनामोची डी टर्मिनलची जाड वायर यांना ३, शक्य तर ४.५.

हेडलाइटचं उदाहरण करून पाहू. आजचे एच४ बल्ब घातले तर अप्परवर ६० वॅटचे दोन, म्हणजे १० अँपिअर. बॅटरीपासून डॅशबोर्डचा स्विच, तिथून पायाजवळचा डिपर, तिथून पुढे दिवे हा वळसा ४ मीटरचा धरा. तांब्याचा रोध मीटरमागे, १ चौरस मिमीला, ०.०१७५ ओहम. ४ मीटरला ०.०७ ओहम, गुणिले १० अँपिअर: ०.७ व्होल्ट वायरीतच गेला. पन्नाशी उलटलेल्या दोन स्विचांचं तर अजून धरलंच नाही. बल्बचा उजेड व्होल्टेजपेक्षा फार वेगाने पडतो, ०.७ व्होल्ट कमी झाले की उजेड पाचव्या हिश्श्याच्या आसपास घटतो. २ चौरस मिमीची वायर घातली की घट निम्मी. रिले (थोड्याशा विजेवर चालणारा, मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच) लावून जाड वायर बॅटरीवरून थेट दिव्यांपर्यंत नेली आणि स्विचने फक्त रिले चालवला, की जुन्या स्विचचं आयुष्यही वाढतं. साधा रिले प्लस अर्थच्या गाडीतही चालतो, फक्त आत डायोड असलेला घेऊ नका.

मात्र हाव धरू नका. या गाड्यांचा डायनामो २० अँपिअरच्या आसपासचा, आणि सिग्नलला उभं असताना तो जवळजवळ काहीच देत नाही.

सामान

पुण्यात मी तपकीर गल्ली आणि नाना पेठ या दोन ठिकाणी भागवलं. मुंबईकरांना लोहार चाळ आहे. ‘ऑटो वायर’ म्हणूनच मागा, १०५ अंश सोसणाऱ्या वेष्टणाची. घरगुती वायर तांब्याची असली तरी तिचं वेष्टण इंजिनाजवळच्या उष्णतेसाठी आणि ऑइलसाठी केलेलं नसतं.

दुकानातच इंचभर सोला. तारा मोजा, एखाद्या तारेला ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम आहे. नमस्कार करून बाहेर पडा.

रेघेची वायर किरकोळीत मिळणं कठीण. इंग्लंडहून रीळ मागवता येतात, पण चार-पाच मीटरसाठी ते परवडत नाही. मी मूळ रंगाची वायर घेतली आणि रेघेच्या रंगाची हीटश्रिंकची (तापवल्यावर आवळणाऱ्या नळीची) कडी दोन्ही टोकांना आणि प्रत्येक फाट्याजवळ चढवली. दिसायला वेगळं दिसतं, पण वाचायला कारखान्याच्या रेघेपेक्षा सोपं.

बुलेट टर्मिनल, म्हणजे बंदुकीच्या गोळीसारखी टोकं, लुकासच्या मापाचेच हवेत, ४.७ मिमीचे. आपल्याकडे मोटरसायकलसाठी मिळणारे थोडे बारीक असतात. घुसतात, पण सैल राहतात, आणि सैल जोड तापतो. बुलेट ज्यात बसतात त्या रबरी नळ्या झाडून सगळ्या नव्या घ्या. जुन्यांच्या आतली पट्टी गंजलेली असते, आणि कोकणातली गाडी असेल तर पट्टीची नुसती आठवण उरलेली असते.

पाटावर मांडणी

आठ बाय चारचा प्लायवूड घ्या. काढलेला जुना हार्नेस त्यावर पसरा, वळणं गाडीत होती तशीच ठेवा. गाडी साडेबारा फुटांच्या आतबाहेर, म्हणून डिकीकडे जाणारी शेपूट पाटावर मावत नाही. ती वळवून परत आणा आणि वळणाच्या जागी मापाची खूण करा. खोडाची आणि प्रत्येक फाट्याची रेघ मार्करने आखा. जिथे फाटा फुटतो तिथे दोन खिळे, टोकाला एक खिळा, आणि खिळ्याशेजारी वहीतला वायरीचा आकडा. हे झालं की जुना हार्नेस उचलून पोत्यात टाका. कापू नका.

मग वहीतल्या क्रमाने एकेक वायर ओढा. सगळ्यात लांब वायरी आधी, म्हणजे त्या खोडाच्या गाभ्यात राहतात आणि लवकर फुटणाऱ्या बाहेरच्या बाजूला. टोकाला वीत-दीड वीत जास्त सोडा. वायर ओढली की लगेच दोन्ही टोकांना कापडी चिठ्ठी आणि वहीत बरोबरची खूण. ‘नंतर एकदम करू’ म्हटलं की पाचव्या हिरव्या वायरीला कोण कुणाची ते कळेनासं होतं. माझी मुलगी आकडे पुकारत होती आणि मी ओढत होतो. एकट्याने हे काम दुप्पट वेळ खातं.

सगळ्या वायरी पडल्या की खोड दर वीतभर अंतरावर मेणाच्या दोऱ्याने बांधा. वळणात फार आवळू नका.

खोडाच्या पोटात जोड देऊ नका. दोन वायरी एकत्र करायच्या असतील तर त्या बाहेर काढून बुलेटच्या नळीत भेटवा. बिघाड झाला तर तो हाताला सापडेल अशा जागी असावा.

टोकं

एक टोक, म्हणजे डॅशबोर्डकडचं, पाटावरच पूर्ण करा. इंजिनाकडची आणि डिकीकडची टोकं कोरी ठेवा, कारण टर्मिनल लावलेली वायर पत्र्यातल्या भोकाच्या रबरातून जात नाही. शिवाय नेमकी लांबी गाडीतच कळते.

चपट्या टर्मिनलला दोन जोडीचे पंख असतात. पुढचे तांबं धरतात, मागचे वेष्टण. दोन्ही वेगवेगळे दाबायचे. दातेरी रॅचेटची क्रिम्पिंग पक्कड घ्या. ती पूर्ण दाबल्याशिवाय सुटत नाही, म्हणून अर्धवट काम होत नाही. दाबल्यावर प्रत्येक टर्मिनल हाताने जोरात ओढून पाहा. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. माझी पहिल्या दिवशी अकरातली तीन हातात आली, आणि चुकीचा साचा वापरतोय हे तेव्हा कळलं.

पितळी बुलेटला मी डाग देतो, म्हणजे सोल्डरिंग करतो. वायर सोलायची, बुलेटमधून घालायची, म्हणजे नाकाच्या भोकातून तारा किंचित डोकावतात. डाग द्यायची ६० वॅटची इस्त्री (सोल्डरिंग आयर्न), बारीक नको. बारीक इस्त्रीने पितळ तापेपर्यंत वेष्टण वितळतं. इस्त्री बुलेटच्या अंगाला टेकवायची आणि कथील नाकाच्या भोकाशी धरायचं. पितळ तापलं की कथील आपण होऊन आत ओढलं जातं, भोकाशी चकचकीत टिकली दिसते. तिथे थांबा. आणखी घातलं तर ते तारांमधून वेष्टणाखाली चढतं आणि वायर तिथे काडीसारखी ताठ होते; नेमकी त्या कडेला पुढे मोडते. रेझिनचं कथीलच वापरा. रेडिएटरवाले वापरतात ते तेजाब चुकूनही नको, ते वर्षानुवर्षं तांबं खात राहतं.

वेष्टण

चिकट इन्सुलेशन टेपने सगळा हार्नेस गुंडाळू नका. दोन उन्हाळ्यांत तिचा डिंक बाहेर येतो आणि हार्नेस गुळाच्या ढेपेसारखा चिकटतो. बिनडिंकाची पीव्हीसी पट्टी मिळते. ती अर्धी-अर्धी चढवत गुंडाळा, फक्त शेवटच्या टोकाला चिकटपट्टीचा एक वेढा.

मला मात्र मूळचं सुती विणकाम हवं होतं. ते यंत्र शोधत फिरलो आणि लक्षात आलं, परकराची नाडी विणणारं यंत्र हेच काम करतं. सुताच्या रिळांची दोन टोळकी एकमेकांच्या आतबाहेर करत उलट दिशांनी गोल फिरतात, मधल्या भोकातून जे वर येईल त्यावर वीण चढते. पोकळ नाडीच ती, फक्त आतून वायरी. एका कारखानदाराला पटवायला दोन चकरा आणि किलोभर बाकरवडी लागली. फाटा आला की यंत्र थांबवायचं, फाट्याच्या वायरी बाहेर काढून खोडाच्या वरच्या बाजूला दोऱ्याने बांधायच्या आणि पुढे चालू करायचं. फाट्यांवर नंतर वेगळी वीण, सांध्यावर दोऱ्याचे वेढे. शेवटी पातळ केलेल्या लॅकरचा एक हात. नुसतं सूत ठेवलंत तर पावसाळ्यात ते पाणी पितं.

गाडीत घालण्याआधी

हार्नेस अजून टेबलावर आहे तोवर मल्टिमीटर बझरवर ठेवा, म्हणजे त्याच्या दोन काड्यांमध्ये जोड असेल तर तो वाजतो. वही उघडा, आकडा पुकारा, एका टोकाला एक काडी, दुसऱ्या टोकाला दुसरी: वाजलं पाहिजे. मग दुसरी काडी बाकीच्या सगळ्या टोकांवरून फिरवा: कुठेही वाजता कामा नये. दोन तास जातात. डॅशबोर्डखाली उलटं झोपून तीच चूक शोधायला दोन दिवस जातात.

बसवताना आतून बाहेर जा. डॅशबोर्डकडून सुरुवात, मग इंजिन, शेवटी डिकी. जुना हार्नेस काढताना त्याच्या शेपटीला सुतळी बांधून ओढली असेल तर तीच सुतळी आता नवीन ओढेल. टाल्कम पावडर लावा, वायर सरकते. पत्र्यातल्या प्रत्येक भोकाला नवं रबर. एकही सुटलं तर पुढच्या खड्ड्यांच्या मोसमात कळेलच.

आणि अर्थ. नव्याने रंगवलेल्या गाडीचा हा खरा शत्रू आहे. पूर्वी टेल लॅम्पचा अर्थ स्क्रूमधून पत्र्याला मिळत होता. आता स्क्रू आणि पत्रा यांच्यामध्ये प्रायमर, पुट्टी आणि रंगाचे थर आहेत. अर्थ मिळाला नाही की वीज दुसऱ्या दिव्यातून वाट काढते: ब्रेक दाबला तर पार्किंगही मिणमिणतं. प्रत्येक दिव्याला वेगळी काळी वायर द्या, पुढे आणि मागे एकेक अर्थचा नट ठेवा. तिथला रंग चमकेपर्यंत खरवडा, दातेरी वॉशर घाला, आवळा आणि वरून व्हॅसलीन थापा. इंजिन आणि बॉडी यांच्यामधला जाड अर्थ विसरलात तर सेल्फ मारताना सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून जायला बघतो.

पहिली वीज

बॅटरी जोडताना बॉडीला न जाणाऱ्या टोकाशी थेट केबल लावू नका. मध्ये २१ वॅटचा बल्ब घाला. सगळे स्विच बंद असताना तो विझलेला राहिला पाहिजे. भक्क पेटला तर कुठेतरी शॉर्ट आहे, पण बल्ब पावणेदोन अँपिअरच्या वर जाऊ देत नाही, म्हणून धूर न होता तो शोधता येतो. एकेक फ्यूज काढत जा, ज्याने बल्ब विझेल ती शाखा. मग एकेक स्विच लावा. बल्ब आणि दिवा दोघंही मंद पेटले की ती वाट बरोबर आहे. सेल्फ मात्र या अवस्थेत मारू नका. सगळं तपासलं की बल्ब काढून केबल.

आता मीटर व्होल्टवर. हेडलाइट अप्परवर ठेवून एक काडी बॅटरीच्या बॉडीला न लावलेल्या टोकावर आणि दुसरी हेडलाइटच्या त्याच बाजूच्या टर्मिनलवर. अर्ध्या व्होल्टच्या आत आलं पाहिजे. अर्थच्या बाजूनेही तसंच मोजा, तिथे ०.१च्या वर गेलं तर परत खरवडा. शेवटी इंजिन चालू करून थोडी रेस द्या. चार्जिंगचा लाल दिवा विझला पाहिजे. नाहीच विझला तर कटआउटवरच्या डी आणि एफच्या वायरी उलट बसल्या आहेत का ते आधी पाहा. माझ्या बसल्या होत्या.

पोत्यातला जुना हार्नेस एक पावसाळा जाईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका. माझा वायपर जूनमध्ये रांगायला लागला. मोटर उघडली, साफ केली, फरक नाही. माळ्यावरून पोतं काढलं. वायपरच्या फाट्याला एक काळी वायर होती. ‘कुणीतरी नंतर लावलेली दिसते’ म्हणून मी वहीत तिच्यावर काट मारली होती. मोटर रबरावर बसते, बॉडीला टेकतच नाही, आणि वायपर हलवणाऱ्या, नळीतल्या दातेरी केबलमधून मिळेल तेवढ्या अर्थवर ती बिचारी कशीबशी ओढत होती. दीड फूट काळी वायर आणि दोन टर्मिनल, दहा मिनिटांचं काम.